ओवाबेन टाकूनही माल्पिघी नलिकेचा स्राव का थांबत नाही

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात. फळमाशीच्या माल्पिघी नलिका, म्हणजे कीटकाची लघवी बनवणाऱ्या बारीक नळ्या, सोडवून सलाइनच्या थेंबात ठेवल्या आणि त्यावर ओवाबेन टाकलं. ओवाबेन हे सोडियम-पोटॅशियम पंप, म्हणजे पेशीतून सोडियम बाहेर काढून पोटॅशियम आत घेणारं प्रथिन, बंद पाडणारं वनस्पतिजन्य विष. तरीही नलिकेचा स्राव जवळपास तसाच चालू राहिला. मग कीटकांच्या नलिकेत हा पंप नसतोच का? आणि नसेल तर कीटक शरीरातलं पाणी आणि क्षार आवरतात कसे, त्यांची गाळणी कुठे असते?

पंप असतो, आणि भरपूर असतो. प्रयोगातला आकडा बरोबर आहे, निष्कर्ष चुकला आहे. पण तो का चुकला हे कळायला 'गाळणी' हा शब्द आधी डोक्यातून काढावा लागेल.

आपलं मूत्रपिंड रक्तदाबावर चालतं. हृदय दाब देतं, त्या दाबाने रक्तातलं पाणी आणि त्यात विरघळलेलं सगळं काही गाळून बाहेर पडतं. दिवसाला साधारण १८० लिटर गाळ निघतो आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत शोषला जातो. कीटकात हा दाब नाही. त्याचं रक्त, म्हणजे हिमोलिम्फ, बंद नळ्यांतून वाहत नाही. पोटाच्या पोकळीत सगळे अवयव त्यात बुडालेले असतात. पाठीकडची लांबट हृदयनळी ते नुसतं पुढे ढकलत राहते. अशा द्रवातून दाबाने काही गाळता येत नाही. म्हणून कीटकाची नलिका गाळत नाही, ओढते. एका टोकाला बंद असलेली ही बारीक नळी हिमोलिम्फमध्ये तरंगते, आयन आत खेचते, आणि आयनांमागे पाणी येतं. ही लघवी पुढे पश्चांत्रात, म्हणजे आतड्याच्या शेवटच्या भागात, जाते आणि त्यातलं कामाचं ते तिथे परत घेतलं जातं.

इटलीच्या मार्चेल्लो माल्पिघीने रेशीमकिड्याचं विच्छेदन करून १६६९ मध्ये या नलिका चित्रांसह दाखवल्या, म्हणून त्याचं नाव. पण त्या नेमकं काय करतात हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. व्हिन्सेंट विगल्सवर्थने १९३१ मध्ये रोड्नियस या रक्तपिपासू कीटकात लघवीचा प्रवास टप्प्याटप्प्याने मांडला. पुढे केंब्रिजच्या जे. ए. रॅमसेने १९५३-५४ च्या सुमारास काडीकिड्याची नलिका चक्क शरीराबाहेर काढून चालवून दाखवली. तिच्यातल्या द्रवात पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त निघालं, म्हणजे ते उताराच्या उलट दिशेने चढवलं जात होतं. तुम्ही केलेला प्रयोग मुळात रॅमसेचाच, फक्त काडीकिड्याच्या जागी फळमाशी आली.

पोटॅशियम चढवतं कोण, याचं उत्तर बराच काळ 'पोटॅशियमचा पंप' असं दिलं जायचं. तसा पंप कोणाला सापडला मात्र नाही. उत्तर मिळालं ते तंबाखूवरच्या शिंगाड्या अळीच्या मध्यांत्रात. हेल्मुट विएचोरेक आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवलं की तिथला पंप पोटॅशियमला हातच लावत नाही, तो फक्त प्रोटॉन ढकलतो. हा व्ही-एटीपेज. प्रत्येक पेशीत लहान कप्पे आम्ल करण्याचं काम करणारं हे जुनंच यंत्र कीटकांनी पेशीच्या बाहेरच्या पटलावर दाटीवाटीने बसवलं आहे. प्रोटॉन नळीच्या पोकळीत गेले की पटलाच्या दोन बाजूंत विद्युतदाब तयार होतो. त्या अळीच्या आतड्यात तो २०० मिलिव्होल्टच्याही वर जातो. प्राण्यांच्या पेशींत एवढा दाब क्वचितच दिसतो. या दाबाच्या जोरावर दुसरं प्रथिन प्रोटॉन आत घेतं आणि बदल्यात पोटॅशियम किंवा सोडियम बाहेर सोडतं. धन आयन पोकळीत साचले की क्लोराइड मागोमाग येतं, आणि दोघांमागून पाणी. माल्पिघी नलिकाही याच यंत्रावर चालते.

आता तुमच्या ओवाबेनकडे. मोटार व्ही-एटीपेजची असल्यामुळे अनेक वर्षं सगळ्यांनी तुमच्यासारखाच अर्थ लावला: ओवाबेनचा परिणाम नाही, म्हणजे सोडियम पंप इथे बिनमहत्त्वाचा. खटकणारी गोष्ट एवढीच होती की फळमाशीच्या नलिकेत सोडियम पंप ठासून भरलेला सापडत होता. पेशी फोडून त्याची विकरक्रिया मोजली तर तो ओवाबेनला अगदी हळवा. अखंड नलिका मात्र ढिम्म. या विसंगतीला ओवाबेनचा विरोधाभास असंच नाव पडलं होतं.

ग्लासगो विद्यापीठातल्या गटाने २००४ मध्ये तो सोडवला. सोडियम पंप पेशीच्या हिमोलिम्फकडच्या बाजूला, खोल घड्यांमध्ये असतो. त्याच घड्यांमध्ये सेंद्रिय द्रव्यं उचलून बाहेर फेकणारे वाहकही बसलेले असतात, आणि ते ओवाबेनलाच उचलतात. थेंबात विष कितीही असो, घडीच्या तळाशी असलेल्या पंपापर्यंत ते मारक प्रमाणात पोचतच नाही. तुमची नलिका ओवाबेन सहन करत नव्हती, ते लघवीतून बाहेर टाकत होती. विषारी झाडपाला खाणाऱ्या किड्यांच्या दृष्टीने पाहिलं तर यात नवल नाही. उत्सर्जनाचा अवयवच विषाने पहिल्यांदा बंद पडला असता तर त्याचा उपयोग काय?

म्हणून एक नियम मी विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात सांगतो: नलिकेवर औषध टाकून परिणाम दिसला नाही तर 'लक्ष्य नाही' असं लिहायचं नाही, 'औषध लक्ष्यापर्यंत पोचलं का' हे आधी तपासायचं.

मोजमापाबद्दलही दोन शब्द, कारण असल्या प्रयोगात अर्धे घोळ तिथेच होतात. बशीत द्रव पॅराफिन, त्यात सलाइनचा दहा मायक्रोलिटरचा थेंब. फळमाशीत नलिकांच्या दोन जोड्या, पुढची आणि मागची. प्रत्येक जोडीला एक सामाईक नळी. पुढची जोडी ओळखायला सोपी, तिच्या टोकाकडचा भाग खनिजकणांनी भरलेला आणि पांढरा दिसतो. एक नलिका थेंबात राहू द्यायची, दुसरी काचेच्या काडीने ओढून थेंबाबाहेर टाचणीला गुंडाळायची. मग सामाईक नळीच्या कापलेल्या तोंडाशी लघवीचा मणी फुगू लागतो. तो पॅराफिनमध्ये गोल राहतो, म्हणून व्यास मोजला की आकारमान निघतं. व्यास ०.२० मिलिमीटर असेल तर सुमारे ४.२ नॅनोलिटर, दहा मिनिटांत जमला असेल तर मिनिटाला ०.४२. आता व्यास वाचताना ०.२१ वाचला तर आकारमान ४.८५ होतं. व्यासात पाच टक्के चूक, आकारमानात सोळा टक्के, कारण व्यासाचा घन होतो. तुमच्या प्रश्नात ओवाबेनने 'थोडी घट, दहा-बारा टक्के' असं लिहिलं आहे. एवढी घट तर नेत्रभिंगावरची पट्टी एका रेघेने चुकीची वाचल्यानेही येते.

दुसरी खोड: मणी नीट दिसावा म्हणून सलाइनमध्ये ॲमरंथचा लाल रंग घालतात. नलिका तो उचलून आत साठवते आणि मणी छान लाल दिसतो. पण हासुद्धा वाहकांचाच खेळ आहे. वाहकांवर प्रयोग करताना रंग घालू नका; डोळे ताणावे लागले तरी चालतील. आणि काढताना नलिकेला चिमट्याचा ओरखडा गेला असेल तर ती मुकाट्याने टाकून द्या. गळकी नलिका पहिली दहा मिनिटं शहाण्यासारखी वागते आणि मग दगा देते. अशा एका नलिकेवर मी तरुणपणी दोन महिने घालवले आहेत.

आता मूळ कुतूहल, म्हणजे नियंत्रण. यंत्र चालतं कसं हे झालं. ते कधी जोरात चालायचं आणि कधी गप्प बसायचं हे कोण ठरवतं?

याचं सर्वांत जबर उदाहरण रोड्नियसच. ढेकणाच्याच गणातला हा कीटक एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या दहापट रक्त पिऊ शकतो. पोट इतकं ताणतं की धड चालताही येत नाही, आणि त्या अवस्थेत तो कोणाच्याही तोंडी सहज लागेल. म्हणून पिणं संपायच्या आधीच लघवीची तयारी सुरू होते आणि काही मिनिटांत थेंब पडू लागतात. नलिकेचा वेग विश्रांतीच्या सुमारे हजारपट होतो. सायमन मॅडरेलने हिशेब मांडला होता की या नलिकेच्या वरच्या भागातली प्रत्येक पेशी सुमारे पंधरा सेकंदांत स्वतःच्या आकारमानाइतका द्रव पलीकडे पोचवते. द्रव स्रवण्यात याहून वेगवान पेशी त्याला कुठेच सापडली नाही.

या घाईत एक गोष्ट सुटून जाऊ शकते, पण जात नाही. वरचा भाग सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड असा सगळा ऐवज घेऊन द्रव बाहेर काढतो. असंच चालू राहिलं तर हिमोलिम्फमधलं पोटॅशियम बघता बघता संपेल. म्हणून नलिकेचा खालचा भाग पोटॅशियम क्लोराइड परत शोषतो, पाणी मात्र तितकं परत घेत नाही. शेवटी बाहेर पडते ती पातळ, सोडियमवाली लघवी. प्यायलेल्या रक्ताचा द्राव मुख्यतः सोडियम क्लोराइडचाच असतो, तेव्हा ओझं नेमकं तेवढंच उतरवलं जातं. तांबड्या पेशी सावकाश पचवायला मागे उरतात. काही तासांत जेवणाच्या निम्म्याच्या आसपास वजन गेलेलं असतं.

सुरुवात करणारा एक संदेश म्हणजे सेरोटोनिन. आपण त्याला मेंदूच्या संदर्भात ओळखतो. इथे ते जेवण सुरू होताच चेतातंतूंच्या टोकांतून हिमोलिम्फमध्ये सुटतं. तेच पोटाचं आवरण सैल करतं, म्हणजे पोट ताणायला जागा होते, आणि तेच नलिकेला जागं करतं. जोडीला पेप्टाइड संप्रेरकं येतात आणि परिणाम बेरजेहून मोठा होतो.

संप्रेरकांची यादी लांबलचक आहे, सगळी इथे देण्यात अर्थ नाही. पण फळमाशीवर काम करता म्हणून एवढं लक्षात ठेवा. तिच्या नलिकेत दोन तऱ्हेच्या पेशी आहेत. मुख्य पेशी धन आयन ओढतात. व्ही-एटीपेज आणि सोडियम पंप दोन्ही त्यांच्यातच. त्यांच्या मध्ये मध्ये, संख्येने कमी, तारकापेशी असतात. क्लोराइडची वाट त्यांच्यातून जाते. डीएच४४ आणि डीएच३१ ही संप्रेरकं मुख्य पेशीत सायक्लिक एएमपी हा पेशीतला संदेशरेणू वाढवतात आणि मोटारीचा वेग वाढतो. कायनिन नावाचं पेप्टाइड मात्र तारकापेशीत कॅल्शियम वाढवून क्लोराइडची तोटी उघडतं. मोटार तीच, वेग तोच, पण क्लोराइड सहज येऊ लागल्यामुळे विद्युतदाबाचा अडसर जातो आणि स्राव वाढतो. हा बदल काही सेकंदांत दिसतो. नलिकेच्या विद्युतदाबाची नोंद घेताना कायनिन टाकलं की कागदावरची रेघ कडा कोसळावा तशी खाली येते. मी हे शेकडो वेळा पाहिलं असेल, तरी हातातलं काम थांबवून बघतोच.

इथे एक खबरदारी. एका कीटकात शिकलेला संप्रेरकाचा अर्थ दुसऱ्याला लावू नका. कॅपा नावाचं पेप्टाइड फळमाशीच्या सुट्या नलिकेवर नेहमीच्या प्रयोगातल्या मात्रेत टाकलं की स्राव वाढतो. तेच कुळ रोड्नियसमध्ये उलट काम करतं, सेरोटोनिनने सुटलेली नलिका आवरतं. पाठ्यपुस्तकात 'मूत्रल संप्रेरकं' असा तक्ता असतो त्यात हे कुठेच दिसत नाही.

नलिका फक्त अर्धी गोष्ट आहे, आणि खरं सांगायचं तर कोरड्यात राहणाऱ्या कीटकांत कमी महत्त्वाची अर्धी. पाणी वाचतं ते गुदाशयात. टोळाच्या पश्चांत्राची भिंत क्लोराइड आत खेचते, त्यामागे पाणी येतं, आणि विष्ठा सुकून गोळी होते. हे वाढवणारं संप्रेरक मेंदूमागच्या ग्रंथीतून येतं, त्याला आयन वहन पेप्टाइड म्हणतात. नत्राचा कचराही यासाठीच युरियाऐवजी युरिक आम्ल म्हणून बाहेर पडतो; ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, म्हणून ते घालवायला पाणी खर्च होत नाही.

याची कमाल पिठातल्या भुंगेऱ्याच्या अळीत आहे. तिच्या नलिकांची टोकं मोकळी तरंगत नाहीत, ती गुदाशयाला चिकटून वळणं घेतात आणि सगळ्या जुडग्याभोवती एक आवरण असतं. नलिका आपल्यात पोटॅशियम क्लोराइड इतकं गच्च भरतात की गुदाशयातल्या विष्ठेतलं पाणी आपोआप तिकडे ओढलं जातं. हे खेचणं इतकं जोरदार आहे की विष्ठा कोरडीठाक झाल्यावर गुदाशयात शिरलेल्या हवेतली वाफही शोषली जाते. हवेतली सापेक्ष आर्द्रता ८८ टक्क्यांच्या वर असेल तर ही अळी काहीही न पिता नुसत्या हवेतून पाणी मिळवते. रॅमसेने १९६४ मध्ये या जुडग्याचं वर्णन केलं ते अजूनही वाचण्यासारखं आहे.

उलट टोकाला गोड्या पाण्यातली डासाची अळी. तिची अडचण पाणी मिळवण्याची नाही, घुसणारं पाणी हाकलण्याची आणि निसटणारे क्षार धरण्याची. तिच्या शेपटीशी चार पारदर्शक बोटं असतात, गुद-अंकुर. पूर्वी लोक त्यांना कल्ले समजत. ती पाण्यातून सोडियम आणि क्लोराइड वेचतात. पाण्यात क्षार जितके कमी, तितके हे अंकुर लांब वाढतात. भिंगाखाली फक्त अंकुरांची लांबी बघून अळी कसल्या पाण्यात वाढली याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

आणि माव्याला तर माल्पिघी नलिकाच नसतात. त्याची अडचण क्षारांची नसून साखरेची आहे: झाडाचा रस त्याच्या हिमोलिम्फपेक्षा इतका घट्ट की आतड्याने त्याचंच पाणी ओढून घ्यावं. मावा साखरेचे रेणू जोडून मोठे करतो. रेणू मोठे म्हणजे संख्येने कमी, म्हणजे परासरणाचा दाब कमी. पानांवर पडणारा चिकटा तो हाच. नलिकेशिवायही समतोल राखता येतो याचा हा चालताबोलता पुरावा आहे.

थंडीचा मुद्दा तुम्ही विचारला नाही, पण पंप बंद पडले तर काय होतं ते इथे दिसतं. बरेच कीटक गोठण्याच्या कितीतरी वर, नुसत्या गारठ्याने लुळे पडतात आणि फार वेळ तसेच राहिले तर मरतात. बर्फाचा इथे संबंध नाही. गारठ्यात पंप मंदावतात, गळती मात्र चालू राहते. सोडियम आणि त्याच्यामागे पाणी हिमोलिम्फमधून आतड्यात सरकतं, मागे उरलेल्या हिमोलिम्फमध्ये पोटॅशियम चढत जातं, स्नायूंच्या पटलावरचा विद्युतदाब ढासळतो. वेळेवर ऊब मिळाली तर नलिका आणि पश्चांत्र मिळून हा पसारा आवरतात आणि कीटक उठून चालू लागतो.

आता तुमचा प्रयोग पुन्हा लावायचा असेल तर असा लावा. एका गटात नुसतं सलाइन. दुसऱ्यात बॅफिलोमायसिन, ते व्ही-एटीपेज अडवतं, म्हणून इथे स्राव घसरलाच पाहिजे, नाही घसरला तर औषध किंवा बशी यांत काहीतरी गडबड आहे. तिसऱ्यात एकटं ओवाबेन. चौथ्यात ओवाबेनबरोबर त्याच वाहकासाठी स्पर्धा करणारं द्रव्य, म्हणजे वाहक गुंतून पडतील आणि ओवाबेन घड्यांत साचेल. पाचव्यात ते स्पर्धक द्रव्य एकटं. हा गट लोक हमखास विसरतात आणि मग चौथ्या गटातली घट कशामुळे हे सांगता येत नाही. बॅफिलोमायसिनचा गट सोडून प्रत्येक नलिकेवर शेवटी कायनिन टाका. वेग वाढला तर नलिका जिवंत होती; साध्या सलाइनमध्येही जिचा वाढला नाही तिचे आकडे वगळा. दर गटात निदान आठ-दहा नलिका, शक्यतो वेगवेगळ्या माश्यांच्या, आणि मणी मोजणाऱ्याला कोणता गट कोणता हे सांगू नका.

वेगाबरोबर मण्यातलं पोटॅशियमही आयननिवडक इलेक्ट्रोडने मोजता आलं तर अवश्य मोजा. वेग तोच राहून सोडियम-पोटॅशियमचं प्रमाण बदललं असेल, तर ओवाबेनने काम केलं होतं आणि तुम्ही फक्त मण्याचा व्यास बघत होता.